या कादंबऱ्यांतल्या आया इतक्या कठोर का वाटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात टोनी मॉरिसन या अमेरिकी लेखिकेच्या दोन कादंबऱ्या होत्या. 'बिलव्हेड'मध्ये आई पोटच्या मुलीचा गळा चिरते, 'सुला'मध्ये आई तरण्याताठ्या मुलाला जाळून मारते. कृष्णवर्णीय लेखिकेनेच आपल्या आयांना इतकं निर्दय का रंगवावं? गोऱ्या लोकांनी तयार केलेला साचाच ती पुन्हा वापरत नाही का? आणि साचा कोणता, खरं चित्रण कोणतं, हे वाचकाने ओळखायचं कसं?

हाच प्रश्न 'सुला'त (१९७३) एक मुलगी आपल्या आईला विचारते. हॅना घेवड्याच्या शेंगा घेऊन ईव्हाच्या खोलीत येऊन बसते आणि बोलता बोलता विचारते, की आई, तू आमच्यावर कधी माया केलीस का? म्हणजे आम्ही लहान असताना आमच्याशी कधी खेळलीबिळलीस का? ईव्हा भडकते. १८९५ साली कोण खेळत होतं, असं ती उलट विचारते. नवरा सोडून गेला तेव्हा घरात एक डॉलर पासष्ट सेंट, पाच अंडी आणि तीन बीट उरले होते, आणि पदरात तीन मुलं. तान्ह्या प्लमचं पोट काही दिवस साफ होईना, पोर रडून रडून निळं पडायला आलं. तेव्हा गोठवणाऱ्या थंडीत रात्री त्याला बाहेरच्या संडासात नेऊन, घरात उरलेली शेवटची चरबी बोटाला लावून तिने त्याला मोकळं केलं. पुढे मुलांना शेजारणीकडे सोपवून 'उद्या येते' म्हणून गेलेली ईव्हा दीड वर्षाने परतली ती कुबड्यांवर. एक पाय गेलेला, हातात पैसा. भरपाई मिळावी म्हणून तिने मुद्दाम आगगाडीखाली पाय घातला, असं गावात बोललं जातं. मॉरिसन ते खरं-खोटं करत बसत नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रसंगात आहे. माया आहे, उदंड आहे. आपण ती कुरवाळण्यात, खेळवण्यात, गोड बोलण्यात शोधतो. या आयांजवळ त्यासाठी वेळ नव्हता, अन्न नव्हतं, आणि कितीतरी काळ स्वतःच्या मुलावर हक्कच नव्हता. म्हणून मी शिकवताना 'आई चांगली की वाईट' हा प्रश्न बाजूला ठेवते आणि मुलांना दुसऱ्या दोन गोष्टी विचारायला लावते. त्या क्षणी या मुलावर मालकी कोणाची आहे? आणि ही गोष्ट सांगतंय कोण?

मालकी हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. १६६२ साली व्हर्जिनियाच्या वसाहतीत कायदा झाला, की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्लंडमध्ये मूल बापाचं कूळ चालवतं. इथे मुद्दाम उलटं केलं. त्यामुळे गोऱ्या मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि तिला मूल झालं, तर ते त्याचा वारस न ठरता त्याची मालमत्ता ठरायचं. १८०८पासून आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला अमेरिकेत बंदी आली. मग ही मालमत्ता वाढवण्याचा एकच रस्ता उरला, तो या बायकांच्या पोटातून जात होता. जन्मलेलं मूल हिशेबाच्या वहीत किंमत लावून लिहिलं जायचं. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५च्या आत्मकथनात सांगितलं आहे, की आयुष्यात त्याने आईला चार-पाच वेळाच पाहिलं, तेही रात्री. दिवसभर शेतात राबून ती बारा मैल चालत यायची, त्याच्याशेजारी आडवी व्हायची आणि तो उठायच्या आत निघून गेलेली असायची. ती वारल्याचं कळलं तेव्हा एखादी परकी बाई गेल्याइतकंच आपल्याला वाटलं, असं तो लिहितो. त्या चोवीस मैलांच्या पायपिटीला आपल्याकडच्या मायेच्या कोणत्या मापात बसवणार?

आता 'बिलव्हेड' (१९८७) घेऊ. तिच्या मुळाशी मार्गारेट गार्नर या बाईची खरी हकिगत आहे. जानेवारी १८५६मध्ये केंटकीतून पळालेलं तिचं कुटुंब गोठलेली ओहायो नदी पायी ओलांडून सिनसिनाटीला पोहोचलं. पकडायला माणसं आली तेव्हा मार्गारेटने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला सुरीने मारलं. बाकीची मुलंही ती मारणार होती, पण तिला धरलं. पुढे जो खटला चालला तो मी दर वर्षी वर्गात सविस्तर सांगते. गुलामीविरोधी लोक मागत होते, की तिच्यावर खुनाचा खटला भरा. कारण खून माणूसच करू शकतो. खटला भरला म्हणजे ती माणूस आहे आणि मेलेली मुलगी तिची मुलगी आहे, हे कायद्याने मान्य केल्यासारखं झालं असतं. मालकाचं म्हणणं, आमची मालमत्ता आम्हाला परत द्या. फरारी गुलामांच्या १८५०च्या कायद्याने मालक जिंकला. तिला परत नेलं, पुढे दक्षिणेकडे पाठवलं. वाटेत बोटीच्या अपघातात तिची आणखी एक लहान मुलगी बुडाली. १८५८ साली विषमज्वराने तीही गेली.

मॉरिसन रँडम हाउसमध्ये संपादक होती. १९७४ साली निघालेल्या एका संकलनाचं काम करताना तिच्या हाती या घटनेचं वर्तमानपत्री कात्रण आलं. कादंबरी लिहिताना तिने इतिहास जसाच्या तसा घेतला नाही. तिची नायिका सेथ मुलीला मारल्यावर तुरुंगात जाते, सुटते, स्वतंत्र राहते आणि अठरा वर्षं त्या कृत्याबरोबर जगते. हा बदल फार महत्त्वाचा आहे. गार्नर परत गुलामीत गेली, म्हणून गोऱ्या उदारमतवाद्यांना ती शोकांतिकेची नायिका म्हणून वापरता आली. १८६७ साली एका चित्रकाराने तिचं चित्र काढून त्याला 'आधुनिक मेडिया' असं नाव दिलं. मला ती तुलना कायम खटकत आली आहे. ग्रीक कथेतली मेडिया नवऱ्यावर सूड घ्यायला मुलं मारते. गार्नरच्या डोक्यात कोणी पुरुष नव्हता, तिच्यासमोर लिलावाचा चौथरा होता.

सेथचं आईपण समजून घ्यायचं तर दुधाचे सगळे उल्लेख पेन्सिलने खूण करत वाचा. लहानपणी सेथला तिच्या आईने दोन-तीन आठवडेच पाजलं, मग आई भाताच्या शेतात परत. नॅन नावाची एक बाई सगळ्या पोरांना पाजायच्या कामावर नेमलेली. गोरी बाळं आधी, उरलं तर सेथला. आपलं असं दूध तिला कधी मिळालंच नाही. पुढे ती स्वतः आई होते, पोटात चौथं मूल असताना तिन्ही लेकरांना पुढे पाठवते आणि मागून पळायच्या बेतात असते, तेव्हा मालकाचे दोन तरुण भाचे-पुतणे तिला धरून तिचं दूध पिऊन टाकतात. तिने तक्रार केली म्हणून तिची पाठ सोलतात. कित्येक वर्षांनी गुलामीतला जुना सोबती पॉल डी याला ती हे सांगते तेव्हा तो चाबकाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतो आणि ती पुन्हा पुन्हा म्हणते, त्यांनी माझं दूध घेतलं. दोघं एकाच दिवसाबद्दल बोलत आहेत, पण त्याला जखम दिसते पाठीवर आणि तिच्या लेखी लूट झाली ती बाळाच्या हक्काची. हे नीट वाचलं की लाकडाच्या शेडमध्ये तिने मुलीला मारलं तो प्रसंग समर्थनीय होतो असं नाही, पण तो कुठून आला हे कळतं. नदीपलीकडे तिला अठ्ठावीस दिवस स्वातंत्र्य मिळालं होतं. मुलं आपली आहेत, त्यांच्यावर हवी तेवढी माया करायला हरकत नाही, हे तिला त्या अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. आणि मग कुंपणाशी पकडायला आलेल्यांचे घोडे आले.

मॉरिसन तिला माफ करत नाही. मुलाखतींमध्ये तिची भूमिका साधारण अशी असायची, की सेथने केलं ते योग्य होतं, पण ते करायचा अधिकार तिला नव्हता. कादंबरीत शेजारपाजारच्या कृष्णवर्णीय बायका सेथला वर्षानुवर्षं वाळीत टाकतात. या बायकांत एला आहे. गोऱ्या बाप-लेकांनी तिला वर्षभर कोंडून ठेवलं होतं. त्यातून झालेल्या बाळाला तिने पाजलं नाही. ते पाच दिवस जगलं. तीच एला शेवटी इतर बायकांना गोळा करून सेथच्या दारात येते. आणि सेथच्या स्वतःच्या आईबद्दल नॅनने सांगितलेलं आठवा: गोऱ्यांपासून झालेली सगळी बाळं तिने टाकून दिली, नावसुद्धा ठेवलं नाही, एकट्या सेथला ठेवलं, कारण तिचा बाप तिने स्वतः निवडलेला काळा माणूस होता. म्हणजे एका कादंबरीत तीन बायका आहेत ज्यांच्या हातून बाळं गेली. तिघींची कारणं वेगळी, अपराध वेगळा, आणि तिघींना एका ओळीत बसवायला लेखिका नकार देते. साचा आणि चित्रण यांतला फरक शोधायचा असेल तर हे उदाहरण घ्या.

साच्याकडे येते. अमेरिकी गोऱ्या साहित्यातली सगळ्यात लाडकी कृष्णवर्णीय आई म्हणजे 'मॅमी'. जाडजूड, डोक्याला फडकं, तोंडाने फटकळ पण जीव लावणारी, गोऱ्या घरातली पोरं वाढवणारी. मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड'मध्ये (१९३६) तिला दुसरं नावच नाही. तीन वर्षांनी आलेल्या सिनेमातल्या त्या भूमिकेबद्दल हॅटी मॅकडॅनिएलला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. आणि त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. १९२३ साली वॉशिंग्टनमध्ये मॅमीचं स्मारक उभारायचा ठराव अमेरिकी सिनेटने मंजूरही केला होता. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी गदारोळ केला आणि तो पुढे बारगळला. या व्यक्तिरेखेबद्दल एकच गोष्ट विचारा: तिची स्वतःची मुलं कुठे आहेत? ती शेगडीशी उभी राहून दुसऱ्याच्या पोराला भरवत असते, त्या वेळी तिच्या घरी कोण काय खातं? बहुतेक गोऱ्या लेखकांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही. फॉकनरची डिल्सी ('द साउंड अँड द फ्युरी', १९२९) मोठ्या ताकदीची आहे, तिला स्वतःची मुलंबाळं आहेत, तरी तिच्या सहनशीलतेपलीकडे तिच्या मनात काय चाललंय, हे त्याने फारसं उघडलेलं नाही.

मॉरिसनने आपल्या पहिल्याच कादंबरीत, 'द ब्लूएस्ट आय'मध्ये (१९७०), कॅमेरा उलटा फिरवला आणि मॅमीच्या मुलीच्या जागी ठेवला. पॉलिन ब्रीडलव्ह एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाकीण आहे. ते घर चकचकीत, तांब्याची भांडी, फडताळं भरलेली. तिथे तिची कदर होते. मालकांची चिमुरडी तिला 'पॉली' म्हणते. स्वतःची मुलगी पेकोला मात्र तिला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते. एक दिवस पेकोला त्या स्वयंपाकघरात येते, ओट्यावरच्या बेरीच्या गरम भाजलेल्या गोड पदार्थाला ('पाय') हात लावते, भांडं खाली पडतं, उकळता रस तिच्या पायांवर उडतो. पॉलिन धावत येते आणि भाजलेल्या मुलीलाच बडवते, घाण केली म्हणून. मग रडणाऱ्या गोऱ्या पोरीला जवळ घेऊन गोंजारते, तो पदार्थ पुन्हा करून देते म्हणते. ही मुलं कोण होती, असं ती पोर विचारते. पॉलिन तिला गप्प करते, उत्तर देत नाही. हा प्रसंग वाचून वर्गात दर वेळी कोणीतरी चिडून पुस्तक मिटतं. चिडणं साहजिक आहे. पण नंतरचं प्रकरण वाचा, जिथे पॉलिन स्वतः बोलते. बाळंतपणात तिच्याभोवती शिकाऊ डॉक्टर उभे असतात आणि मोठा डॉक्टर त्यांना सांगतो, की या बायकांना वेदना होत नाहीत, घोडीसारख्या वितात. त्यांना कळावं म्हणून ती मुद्दाम जास्त मोठ्याने कण्हते.

हे कल्पित आहे, पण हवेतून आलेलं नाही. १८४०च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, लूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या आणि स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून नाव मिळवलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८मध्ये हलवला. आणि २०२१ची अमेरिकी सरकारी आकडेवारी सांगते, की लाख जन्मांमागे दगावलेल्या कृष्णवर्णीय माता ६९.९, गोऱ्या २६.६. पॉलिनचं कण्हणं त्या दवाखान्यापुरतं राहिलेलं नाही.

त्याच कादंबरीत दुसरी आई आहे, मिसेस मॅकटीअर, आणि तुमच्या प्रश्नासाठी ती जास्त उपयोगी आहे. मुलीला, क्लॉडियाला, सर्दी-खोकला होतो. आई चिडते, डोकं उघडं ठेवून हिंडलीस म्हणून ओरडते, छातीला मलम इतकं जोरात चोळते की पोरीला दुखतं. अंथरुणात ओकल्यावर आई त्या ओकारीवर राग काढते आणि पोरीला वाटतं तो आपल्यावरच आहे. मोठी झालेली क्लॉडिया हे आठवते तेव्हा तिला कळतं, की आई आजारावर चिडली होती. आणि मग तिला आठवतात रात्री अंधारात येऊन छातीवरचं फडकं नीट करणारे, कपाळावर ठेवलेले हात. चेहरा आठवत नाही, हात आठवतात. तिचं लहानपण करपलं नाही आणि पेकोलाचं करपलं, याचं कारण या हातांत आहे. दोन्ही आया कष्टकरी, दोघी फटकळ. त्यामुळे 'गरिबीमुळे आया कठोर होतात' एवढंच म्हणून भागत नाही. मिसेस मॅकटीअर आपल्या घरात, आपल्या चुलीशी राबते. पॉलिनचं सगळं सौंदर्य, सगळी शिस्त, सगळं कौतुक मालकिणीच्या घरात खर्ची पडतं आणि घरी येते ती रिकामी होऊन.

पन्नाशी-साठीच्या दशकांत साचा बदलला. १९६५ साली डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहॅन या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दुरवस्थेचं एक प्रमुख कारण त्यांची 'मातृसत्ताक' रचना आहे असं ठरवलं. बाई कमावते, बाई निर्णय घेते, म्हणून पुरुष खचतो, असा त्याचा सूर. मॅमी गोऱ्या घरात राबली तर पूज्य. तीच बाई आपल्या घरात कर्ती झाली तर रोगाचं मूळ. दहा-अकरा वर्षांनी रोनाल्ड रेगनच्या निवडणूक प्रचारात सरकारी मदतीवर चैन करणारी बाई आली आणि तिलाही लोकांनी मनात काळाच रंग दिला. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्सने १९९०च्या आपल्या ग्रंथात या सगळ्या प्रतिमांची एकत्र तपासणी केली आहे. या विषयावर गंभीर काम करायचं असेल तर ती टाळता येत नाही. लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन' (१९५९) नाटकातली लीना यंगर अहवालाच्या आधीची, पण तिचा विचार अहवालापेक्षा खोल आहे. घरावर तिची जरब आहे, मुलगी देव मानत नाही म्हणते तेव्हा ती तिच्या थोबाडीत मारते; पण नवऱ्याच्या विम्याच्या दहा हजार डॉलर्सपैकी मोठा हिस्सा ती कर्तेपण यावं म्हणून मुलाच्या हाती देते आणि तो तो गमावून बसतो. चूक तिची की त्याची की शिकागोच्या घरबाजाराची, हे नाटक पाहणाऱ्याने ठरवायचं.

आता दुसरा प्रश्न, सांगतंय कोण. या परंपरेतल्या बहुतेक आया आपल्याला मुलींच्या नजरेतून दिसतात. जमेका किनकेडची 'अ‍ॅनी जॉन' (१९८५) घ्या: अँटिग्वातली मुलगी वयात येते तशी आईपासून तुटते, आणि आई राक्षसीण भासू लागते. त्या वयाच्या मुलीचं खरं तेच आहे. त्यावरून आईबद्दल निकाल द्यायचा नसतो. म्हणून जिथे आई स्वतः बोलते किंवा कथा तिच्याच बाजूने चालते ती पुस्तकं मी मुद्दाम सुचवते. सिंदिवे मागोनाची 'मदर टू मदर' (१९९८) अशी आहे. १९९३मध्ये केपटाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीत जमावाने एका गोऱ्या अमेरिकी विद्यार्थिनीला मारलं, त्या घटनेवरून सुचलेली. मारेकऱ्याची आई मंडिसा मेलेल्या मुलीच्या आईशी बोलते आहे. ती क्षमा मागत सुटत नाही, मुलाला पाठीशीही घालत नाही. तिच्या इच्छेविरुद्ध हा मुलगा तिच्या पोटी कसा आला, वर्णभेदाच्या राजवटीने त्यांची वस्ती कशी उठवली, ती गोऱ्यांच्या घरी कामाला असताना तो कोणाच्या नजरेखाली वाढला, हे ती सांगत जाते.

नायजेरियाच्या बूची एमेचेताची 'द जॉइज ऑफ मदरहुड' (१९७९) ही माझी सगळ्यात आवडती. मात्र तिथे अमेरिकेचं माप लावू नका. तिथली आई कायद्याने गुलाम नाही. तिला बांधून ठेवलंय ते मातृत्वाच्या गौरवानेच. न्नू एगोला पहिल्या लग्नात मूल होत नाही आणि ती माहेरी परत येते. दुसऱ्या लग्नात लागोसला येते. नवरा गोऱ्या साहेबाचे कपडे धुतो, आतलेसुद्धा, याची तिला शरम वाटते. पहिलं बाळ चार आठवड्यांत दगावतं तेव्हा ती पुलावरून उडी मारायला धावते. पुढे मुलांमागून मुलं होतात, ती चौकात सुट्या सिगारेटी आणि काड्यापेट्या विकते, मुलींना कामाला लावून मुलांना शिकवते. मुलगे परदेशी जातात. ती गावी रस्त्याच्या कडेला मरते, हात धरायला कोणी नसतं. मग थाटाचा दिवस-विधी होतो, तिच्या नावाचं देवस्थान बांधतात, आणि मूल मागायला येणाऱ्या बायकांना ती काही देत नाही. एमेचेताने पाच मुलं एकटीने वाढवत लंडनमध्ये लिहिलं. नवऱ्याने तिचं पहिलं हस्तलिखित जाळलं होतं. या पुस्तकातल्या रागाला अनुभवाची धार आहे. तरीही न्नू एगो बिचारी नाही. एमेचेता तिचा हेका, तिचा सवतीवरचा जळफळाट, मुलींवरचा अन्याय काहीच झाकत नाही.

नव्या पिढीत जेस्मिन वॉर्ड वाचाच. मिसिसिपीच्या किनारपट्टीतली गरिबी तिच्या पहिल्या तीन कादंबऱ्यांत आहे. 'सॅल्व्हेज द बोन्स'मध्ये (२०११) पंधरा वर्षांची, आई नसलेली एश गरोदर आहे, कत्रिना वादळ यायला काही दिवस उरलेत, आणि ती शाळेच्या पुस्तकात मेडियाची गोष्ट वाचते आहे. गार्नरवर लादलेली मेडिया इथे एक कृष्णवर्णीय मुलगी स्वतः उचलते, तिच्याशी भांडते, स्वतःशी ताडून बघते. दीडशे वर्षांनी हे नाव मालकिणीच्या हातात आलं, असं मला वाटतं. 'सिंग, अनबरीड, सिंग'मध्ये (२०१७) लिओनी ही व्यसनी, हात उगारणारी आई स्वतः निवेदन करते. लहानग्या केलाला वांत्या होतात तेव्हा ती आईकडून अर्धवट शिकलेल्या झाडपाल्याचा काढा करून पाजते. तेरा वर्षांचा जोजो बहिणीला बाजूला नेऊन तो बाहेर काढायला लावतो. लिओनीला माया आहे, ज्ञान निम्मं आहे आणि विश्वास कोणाचाच नाही. जोजोच बहिणीची आई झालेला आहे. अशी आई होणारी माणसं या साहित्यात पदोपदी भेटतात: आजी, शेजारीण, मावशी म्हणवणारी परकी बाई. 'बिलव्हेड'मधली सेथची सासू बेबी सग्ज आठ मुलांची आई. त्यातली जवळपास सगळी विकली गेली किंवा परागंदा झाली. पहिल्या मुलीबद्दल तिला एकच आठवतं, की तिला भाकरीचा खालचा करपलेला भाग आवडायचा. तीच म्हातारी पुढे साऱ्या वस्तीची आई होते.

आपल्याकडच्या वाचकाला या आया पचायला जड जातात, याचं एक कारण शाळेपासून कानावर पडलेली आई आहे: सोशिक, संस्कार करणारी, रागावली तरी डोळ्यांत पाणी असणारी. पण मराठीतच दुसऱ्या आयाही आहेत. बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'मधली बाळंतपणं वाचा, ओल्या बाळंतिणीची भूक वाचा. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधली विणत बसलेली, बोलण्यापेक्षा राबणारी आई वाचा. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, तेव्हा हा धागा ओढूनताणून जोडलेला नाही. फक्त दोन्ही एकच आहेत असं परीक्षेत लिहू नका. जात आणि गुलामी वेगवेगळ्या रीतीने आईच्या आणि मुलाच्या मध्ये येतात. लेकराला बाजारात किंमत लावून विकणारा कायदा हा अटलांटिकपलीकडच्या कथांचा पाया आहे, आणि तो सुटला की सेथ नुसती वेडी बाई वाटेल.

आता ईव्हा. ज्या प्लमला तिने जाळलं तो पहिल्या महायुद्धाहून हेरॉइनचं व्यसन घेऊन आला होता, दिवसेंदिवस खोलीत पडून असायचा. हॅना विचारते तेव्हा ईव्हा सांगते, की तो पुन्हा माझ्या पोटात शिरू बघत होता, आणि माझ्यात आता जागा नव्हती. काडी लावण्याआधी तिने त्याला छातीशी घेऊन डोलवलं होतं. या बोलण्यानंतर लवकरच अंगणात हॅनाचे कपडे पेट घेतात, तेव्हा ही एकपायी बाई वरच्या मजल्याच्या खिडकीतून काच फोडून स्वतःला खाली फेकते, मुलीवर पडून आग विझवावी म्हणून. ती पोहोचत नाही. एक मूल जाळणारी आणि एका मुलासाठी आगीत उडी घेणारी बाई एकच आहे, आणि या दोन्ही गोष्टी मॉरिसनने थोड्याच पानांच्या अंतरावर ठेवल्या आहेत. प्लमच्या बाबतीत तिला माफ करणं मला जमत नाही, तसं करायला कादंबरी सांगतही नाही. पण निर्दय हा शब्द मी तिच्यासाठी वापरणार नाही.

वाचनाचा क्रम विचारलात तर 'द ब्लूएस्ट आय' आधी, लहान आहे आणि मिसेस मॅकटीअर-पॉलिन ही जोडी पुढे सगळीकडे उपयोगी पडते. मग 'सुला' पुन्हा, या वेळी १९२३चं प्रकरण आधी वाचून मग सुरुवातीपासून. त्यानंतर एमेचेता, म्हणजे अमेरिका हेच एक जग आहे असं वाटणार नाही. 'बिलव्हेड' शेवटी आणि सावकाश. दुसऱ्या भागात सेथ, तिची मुलगी डेनव्हर आणि मेलेली मुलगीच परत आली असं वाटणारी बिलव्हेड एकेक करून बोलतात ती प्रकरणं मोठ्याने वाचा, एकटं वाचायला जड जात असेल तर दोघा-तिघांत मिळून.